टँडम सौरघट: पेरोव्स्काइटच्या मागे लागायचं की त्याच्या अल्याडपल्याडच्या थरांच्या?

अर्धवाहक

नमस्कार मंडळी,

टँडमचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या दोन सौरघटांच्या जोडीचा, नवा विक्रम झाला की मथळ्यात पेरोव्स्काइट (वरच्या घटातला प्रकाश शोषणारा स्फटिकी पदार्थ) असतं. एप्रिल २०२५ मध्ये लाँगी या चिनी कंपनीने ३४.८५ टक्के कार्यक्षमता गाठली तेव्हाही तेच झालं. पण त्या घटाचा आडवा छेद बघा. खाली शंभर-दीडशे मायक्रॉनचं सिलिकॉन, त्यावर जेमतेम अर्धा-एक मायक्रॉन पेरोव्स्काइट, आणि पेरोव्स्काइटला वरून-खालून चिकटलेले दोन थर: एक होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) उचलणारा, एक इलेक्ट्रॉन. खालचा तर हल्ली बहुतेक ठिकाणी एका रेणूच्या जाडीचा. माझं मत असं की २०२० पासूनच्या प्रगतीचं बरंचसं श्रेय या दोन थरांचं आहे आणि उरलेलं नुकसानही तिथंच दडलंय. शोषकाची रासायनिक कृती बदलत बसण्याचे दिवस सरले.

आता माझी अडचण. १.६८ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) बँडगॅपचे, म्हणजे निदान तेवढ्या ऊर्जेचा फोटॉन शोषणारे, पी-आय-एन (होलचा थर खाली, इलेक्ट्रॉनचा वर) घट बनवतोय. खाली आयटीओ या पारदर्शक वाहकावर सॅम (होल उचलणारा रेणूभर जाडीचा थर), वर सी६० (इलेक्ट्रॉन उचलणारा कार्बनचा रेणू). व्होल्टेज १.१५ व्होल्टच्या पुढे हलायला तयार नाही. या बँडगॅपला सैद्धांतिक कमाल १.३९ च्या आसपास येते, म्हणजे पाव व्होल्ट कुठंतरी सांडतंय. आमचे सर म्हणतात होल बाजूला नवा रेणू आणू. मला वाटतं वरची बाजू बघावी. तुम्ही काय केलं असतं?

उगाच_एक

पहिला मी! कळलं काहीच नाही, पण धागा पळणार.

वाचनमात्र

मी वाणिज्य शाखेची. हे दोन थर नक्की करतात काय, आणि सिलिकॉन एकट्याने चालत असताना वर दुसरा घट कशाला, एवढं कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

तळटीप

@वाचनमात्र, प्रयत्न करतो.

सिलिकॉनचा बँडगॅप १.१२ ईव्ही. निळ्या फोटॉनकडे त्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, पण सिलिकॉन त्यातून तेवढ्याच व्होल्टेजचा इलेक्ट्रॉन देतं; वरची ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यामुळे एकट्या सिलिकॉनची मर्यादा २९.४ टक्के, आणि आजचे सर्वोत्तम घट २७ च्या पुढे पोचलेत. वाव उरला नाही. म्हणून वर रुंद बँडगॅपचा घट ठेवायचा, निळा-हिरवा प्रकाश त्याने चढ्या व्होल्टेजला घ्यायचा, तांबडा आणि अवरक्त खाली सोडायचा. अशा जोडीची सैद्धांतिक मर्यादा चाळिशीच्या पुढे जाते.

आता थर. प्रकाश पडला की पेरोव्स्काइटमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही तयार होतात. दोघांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढलं तरच वीज मिळते. थर म्हणजे त्या दारांवरचे रखवालदार: एकाने फक्त इलेक्ट्रॉन सोडायचे, दुसऱ्याने फक्त होल. चुकीचा दारात घुसला, किंवा दारापाशीच दोघांची गाठ पडली, की ते एकमेकांत विरून जातात. यालाच पुनर्संयोग म्हणतात.

उगाच_एक

म्हणजे रखवालदार फितूर आहेत असं थेट म्हणा की.

वाचनमात्र

तळटीप, धन्स! आता पुढचं निदान चेहरा गंभीर ठेवून वाचता येईल.

निकेल_नाना

अर्धवाहक, मूळ मुद्द्याशी सहमत, पण हे २०२० पासूनचं नाही, पहिल्या दिवसापासूनचं आहे. २००९ मध्ये मियासाका यांच्या गटाने पेरोव्स्काइट सौरघटात वापरलं तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि होल वाहून न्यायला द्रव इलेक्ट्रोलाइट होतं. त्या द्रवात पेरोव्स्काइटच विरघळायचं. २०१२ मध्ये द्रवाच्या जागी स्पायरो-ओमेटॅड हा घन थर आला आणि आकडा दहाच्या घरात गेला. शोषक तोच, फक्त शेजारी बदलला. जगभरच्या प्रयोगशाळा या विषयावर तुटून पडल्या त्या त्यानंतर.

आणि हाच स्पायरो टँडममध्ये डोईजड झाला. एक तर त्याला वाहक बनवायला लिथियमचं मीठ घालावं लागतं. ते हवेतलं पाणी ओढतं. वर त्याला ऑक्सिजनही लागतो. घट बनवून रात्रभर कोरड्या हवेत ठेवायचा आणि सकाळी मोजायचा, असा सगळा कारभार. दुसरं म्हणजे एन-आय-पी रचनेत तो वरच्या बाजूला येतो. प्रकाश आधी त्याच्यातून जाणार, आणि हा बाबा निळा भाग स्वतःच गिळणार. म्हणून टँडमवाल्यांनी सगळी रचना उलटी केली: होलचा थर खाली, इलेक्ट्रॉनचा वर. पी-आय-एनचा बोलबाला झाला तो या कारणाने.

मग पीटीएए हे पॉलिमर आलं, महाग, आणि त्यावर पेरोव्स्काइटचं द्रावण नीट पसरत नाही. त्यानंतर सॅम. हेल्महोल्ट्झ-झेंट्रुम बर्लिनने २०२० मध्ये २९.१५ टक्के जाहीर केले ते मी-फोर-पॅक्झ या सॅमच्या जोरावर; हे रेणू त्यांनी लिथुआनियातल्या काउनास तंत्रविद्यापीठाबरोबर बनवले होते. कार्बाझोलचं डोकं, फॉस्फॉनिक आम्लाचा पाय. पाय आयटीओला घट्ट धरतो, डोकं पेरोव्स्काइटकडे. रेणूभर जाडीचा थर, त्यामुळे प्रकाश खात नाही आणि रोधही नगण्य. याहून बारीक काय करणार?

सिलिकॉनशेठ

नाना, इतिहास छान, पण मी मॉड्यूलच्या धंद्यातला माणूस आहे आणि माझी या सगळ्याकडे बघायची नजर वेगळी.

३४.८५ चा तो घट चौरस सेंटिमीटरभराचा. आमच्या लाइनवर वेफर १८२ मिलिमीटरची असते. एवढ्या वेफरवर, तीही दोन-तीन मायक्रॉन उंचीच्या पिरॅमिडांनी भरलेल्या पृष्ठभागावर, एका रेणूचा थर सलग बसवायचा? एका टोकाला जरी सॅम फाटला तर पेरोव्स्काइट थेट आयटीओला टेकतं आणि तिथं शंट, म्हणजे करंटच्या गळतीची वाट. प्रयोगशाळेत तुम्ही बिघडलेला घट बाजूला टाकता आणि चांगल्याचा आलेख छापता. आम्हाला प्रत्येक वेफर चालवावी लागते.

आणि सी६०. त्याचं पेरोव्स्काइटशी नातं म्हणजे नुसतं व्हान डर वाल्स बल. लॅमिनेशनच्या वेळी किंवा उणे ४० ते ८५ अंशांच्या फेऱ्यांत थर उचकटतो तो बरेचदा नेमका इथंच. तेव्हा २० मिलिव्होल्ट कुठं गेले यापेक्षा थर जागेवर राहतोय का ते आधी बघा.

ऑक्सफर्ड पीव्हीने सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रँडेनबुर्गच्या कारखान्यातून पहिली व्यावसायिक मॉड्यूलं पाठवली, कार्यक्षमता २४.५. उत्तम सिलिकॉन मॉड्यूलही त्याच्या आसपास असतं. ३४ आणि २४ मधलं अंतर पेपर लिहून भरत नाही.

आयटीओ_आणि_मंडळी

शेठ, पिरॅमिडचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावर काम झालंय. खाली स्पटर केलेला (निर्वातात कण उडवून बसवलेला) निकेल ऑक्साइड आणि त्यावर सॅम अशी जोडी लावतात. निकेल ऑक्साइड दऱ्याखोऱ्यांत सगळीकडे सारखा बसतो, सॅमला धरायला जागा देतो, आणि सॅम फाटलाच तरी खाली आयटीओ उघडा पडत नाही. नुसता निकेल ऑक्साइड मात्र नको. त्याच्या पृष्ठभागावरचं निकेल-३ पेरोव्स्काइटमधल्या आयोडाइडचं ऑक्सिडीकरण करतं आणि सेंद्रिय धनायनांचा प्रोटॉन पळवतं. सॅम मधे आला की ती भांडणंही मिटतात.

निकेल_नाना

माझं सदस्यनाव सार्थकी लागलं.

प्रयोगशाळेतला_उंदीर

मी-फोर-पॅक्झवर द्रावण पसरत नाही त्याचं कुणीच बोललं नाही! काचेवर थेंब टाकला की गोळा होऊन कडेला पळतो, आणि मधे टक्कल. इकडच्या उपायांत त्याच्यात दुसरा जलस्नेही रेणू मिसळणं, किंवा वर ॲल्युमिनाचे नॅनोकण विरळ शिंपडणं. दुसरा उपाय मला आवडतो. स्वस्त, आणि पुन्हा पुन्हा तसाच निघतो.

चार_तारा

अवांतर: तुम्ही सगळे दोन टर्मिनलच्या, म्हणजे दोन्ही घट एकापाठोपाठ जोडण्याच्या, नादाला का लागलाय? चार टर्मिनल करा. वरचा घट वेगळा, खालचा वेगळा, करंट जुळवायची कटकट नाही, पिरॅमिडांवर काही लेपायला नको.

तळटीप

@चार_तारा, आणि मधले जास्तीचे पारदर्शक इलेक्ट्रोड? प्रत्येकाला आडवा करंट वाहायचाय, म्हणजे जाड हवा, म्हणजे अवरक्त प्रकाश खाणार. दोन टर्मिनलमध्ये मधला आयटीओ १०-२० नॅनोमीटरचा पुरतो, कारण करंट आरपार जातो, आडवा नाही. उलट तिथं आडवी वाहकता कमी असलेलीच बरी. एखादा शंट असला तरी त्याच जागी अडकून राहतो. शिवाय इंडियम किती वापरणार?

चार_तारा

इंडियमचं मान्य. बाकी अमान्य. वेगळा धागा काढतो.

उगाच_एक

काढाच. तिथंही पहिला मी.

फोटॉनताई

उशिरा आले, पण मूळ प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला दिसत नाही.

अर्धवाहक, तुझे सर होल बाजू म्हणतात, तू इलेक्ट्रॉन बाजू म्हणतोस, आणि दोघांकडे पुरावा नाही. पूर्ण घट बनवून व्होल्टेज बघितलं तर नुकसान झालं एवढंच कळतं, कुठं झालं ते नाही. अर्धे घट बनव. नुसतं काचेवर पेरोव्स्काइट; मग आयटीओ, सॅम आणि पेरोव्स्काइट; मग काचेवर पेरोव्स्काइट आणि वर सी६०; शेवटी सगळं, फक्त धातू सोडून. प्रत्येकाचं निरपेक्ष फोटोल्युमिनेसन्स (पीएल, म्हणजे प्रकाश पडल्यावर पदार्थ स्वतः किती प्रकाश परत सोडतो ते) मोज, एक सूर्याइतक्या प्रकाशात. हिशेब सोपा: पीएलचं उत्पन्न दहापट घटलं की व्होल्टेजची शक्यता साधारण ६० मिलिव्होल्टने घटली. थर चढवत जायचं आणि कुठल्या पायरीवर आकडा कोसळतो ते बघायचं.

दोन गोष्टी सांभाळ. काचेवरचा आणि सॅमवरचा पेरोव्स्काइट एकसारखा स्फटिकतो असं धरून चालू नकोस, दोन्हीकडची जाडी आणि शोषण तपास. आणि पीएलवरून काढलेलं व्होल्टेज १.२५ येत असेल पण घट १.१५ च देत असेल, तर तो पुनर्संयोगाचा दोष नाही. ऊर्जापातळ्या जुळत नाहीत, किंवा धातूजवळ काही चुकतंय. तेव्हा औषध वेगळं.

माझा अंदाज विचारशील तर सी६०. बहुतेक पी-आय-एन घटांत चांगल्या सॅमवर पीएल फारसं पडत नाही आणि सी६० टाकलं की दाणकन पडतं. जाडी वीस नॅनोमीटर असो की दोन, फारसा फरक नसतो, म्हणजे दुखणं अगदी सांध्यावर आहे.

अर्धवाहक

ताई, हे करण्यासारखं आहे. शेजारच्या विभागात इंटिग्रेटिंग स्फिअर आहे. मोजून येतो.

प्रयोगशाळेतला_उंदीर

मग सी६० काढूनच टाका ना. त्यावर तसाही एएलडीने (वाफेतून अणूंचे थर एकेक करून चढवण्याच्या पद्धतीने) टिन ऑक्साइड चढवतोच आपण, तो इलेक्ट्रॉन उत्तम नेतो, पारदर्शकही आहे. थेट पेरोव्स्काइटवर चढवला तर?

आयटीओ_आणि_मंडळी

सगळ्यांना एकदा तरी हा विचार येतो. गोची अशी की एएलडीत टिनचं सेंद्रिय अमाइड आणि पाण्याची वाफ आळीपाळीने सोडतात. ते अमाइड उघड्या पेरोव्स्काइटशी प्रतिक्रिया करतं आणि सांध्यावर नको ती संयुगं तयार होतात. सी६० मधे असतं म्हणून तो मार सोसला जातो. टिन ऑक्साइड स्वतः पुढे वरच्या पारदर्शक इलेक्ट्रोडच्या स्पटरिंगचा मार सोसतो. सी६० निळ्या भागात प्रकाश खातं म्हणून ते दहा नॅनोमीटरवर आणायचा मोह होतो. तिथं मग बारीक छिद्रं राहतात आणि एएलडीची वाफ त्यातून आत शिरते. प्रत्येक थर पुढच्याच्या पापांचा धनी.

वाचनमात्र

शेवटचं वाक्य कपाळावर गोंदवून घ्यावं असं.

सिलिकॉनशेठ

आयटीओसाहेब, त्यात तापमानाचंही घाला. खाली हेटेरोजंक्शन सिलिकॉन असेल तर २०० अंशांच्या वर जायची सोय नाही, त्याचा अमॉर्फस थर बिघडतो. म्हणून ४५०-५०० अंशांना भाजायचा टायटॅनियम ऑक्साइड टँडममधून बाद. टॉपकॉन हा सिलिकॉन घटाचा दुसरा प्रकार जास्त सोसतो, आणि जगातलं सिलिकॉन उत्पादन आता बहुतांशी टॉपकॉनच आहे. पण तापमानाची चैन मिळाली तरी वरच्या थरांना तिचा उपयोग नाही. पेरोव्स्काइट एकदा खाली बसलं की आचेचा विषय संपला.

निकेल_नाना

सी६०च्या सांध्यावरच्या उपायांबद्दल लिहितो, अर्धवाहक परत येईपर्यंत.

जुना उपाय म्हणजे नॅनोमीटरभर लिथियम फ्लोराइड मधे ठेवायचं. व्होल्टेज वाढतं, पण लिथियम आणि फ्लोराइड एका जागी बसत नाहीत, टिकाऊपणा बोंबलतो. २०२२ मध्ये सौदीच्या काउस्ट विद्यापीठाने मॅग्नेशियम फ्लोराइडचा तसाच पातळ थर वापरला. बर्लिनवाल्यांनी ३२.५ टक्के गाठले ते पिपरझिनियम आयोडाइडने. त्याच्या जोडीला डायअमोनियमवाले: इथेनचे, प्रोपेनचे. त्यांचं काम दुहेरी: पृष्ठभागावरचे दोष झाकायचे, आणि तिथं द्विध्रुव तयार करून होलना सी६०पासून दूर लोटायचं. होल सांध्यावर आलेच नाहीत तर इलेक्ट्रॉन विरणार कुणाशी?

सिलिकॉनशेठ

आणि ८५ अंशांना हे रेणू कुठं असतात, नाना? पेरोव्स्काइटच्या आत?

निकेल_नाना

काही असतात. प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे.

अर्धवाहक

मोजून आलो.

काच आणि सॅम यांच्यावरच्या पेरोव्स्काइटचं पीएल जवळपास सारखं. त्यावरून व्होल्टेजची शक्यता १.२७ येते. सी६० चढवल्यावर पीएल साधारण शंभरपट खाली, म्हणजे १२० मिलिव्होल्ट गायब, उरले १.१५. आणि पूर्ण घटही १.१५ च देतोय, म्हणजे ऊर्जापातळ्यांची तक्रार दिसत नाही. सरांना आलेख दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग सी६० कडे बघू." नव्या होल रेणूची ऑर्डर थांबवली.

पहिला प्रयत्न प्रोपेन डायअमोनियम आयोडाइडचा केला, आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून वरून फिरवलं. व्होल्टेज १.२१ वर गेलं. पण फिल फॅक्टर (कमाल व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातले किती टक्के प्रत्यक्ष वीज म्हणून मिळतात ते) ८० वरून ७४ वर आला. कमावलं त्याहून जास्तच तिथं गेलं. आता?

प्रयोगशाळेतला_उंदीर

अभिनंदन! द्रावण जाड झालं असणार. बहुधा वर कमी मितींच्या पेरोव्स्काइटची साय आली, ती इलेक्ट्रॉनना आडवी येते.

फोटॉनताई

छान काम. उंदीर म्हणतो ते शक्य आहे, पण पुन्हा तेच सांगते, आधी मोज. सन्स-व्हीओसी (प्रकाश कमीजास्त करत व्होल्टेज मोजायची चाचणी) करून रोधविरहित फिल फॅक्टर काढ. तो ८४ च्या वर असेल आणि प्रत्यक्ष ७४, तर मधला फरक वाहतुकीचा, म्हणजे सांध्यावर अडथळा जाड झालाय. तोच मुळात ७६-७७ असेल तर पुनर्संयोग अजून बाकी आहे आणि द्रावण पातळ करून काही साधणार नाही.

वाहतुकीचाच निघाला तर संहती निम्म्यावर आण, लेपानंतर कोरडं आयसोप्रोपॅनॉल एकदा फिरवून जास्तीचं धुऊन काढ, आणि मग १०० अंशांना थोडा वेळ ठेव. आयसोप्रोपॅनॉल नवी बाटली फोडून घे. जुन्यात पाणी असतं आणि ते पेरोव्स्काइटच्या कडा कुरतडतं.

सिलिकॉनशेठ

आणि माझ्या म्हाताऱ्याच्या समाधानासाठी, त्यातले चार घट ८५ अंशांना अंधारात ठेव. आठवड्याने तेच पीएल परत मोज. १.२१ चे १.१६ झाले असतील तर बाष्पीभवनाने बसवायचा एखादा फ्लोराइड बघ, पिरॅमिडांवर तसंही द्रावण फिरवून सारखा थर येत नाही.

अर्धवाहक

शेठ, ठेवतो. ओव्हनची पाळी पुढच्या सोमवारी आहे. सन्स-व्हीओसी उद्याच करतो.

चार_तारा

चार टर्मिनलचा धागा काढलाय हो. कुणी फिरकलं नाही अजून, फक्त उगाच_एक येऊन 'पहिला मी' लिहून गेला.